सासूबाईंना एकही जागा पसंत पडेना

"इस्त्रीचे टेबलक्लॉथ," सासूबाई उंबऱ्यावरूनच म्हणाल्या. "म्हणजे इथे कापडाचे पैसे घेतात आणि जेवण वर फुकट देतात. चला पुढे."

माझ्या नणंदेने, लोरेत्ताने, त्या रेस्टॉरंटात टेबल मिळावं म्हणून महिनाभर आधी फोन केला होता. पालेर्मोत रविवारी दुपारी आयत्या वेळी चार माणसांची जागा मिळणं म्हणजे थट्टा नव्हे. दारातल्या बाईंनी आमच्या नावावर खूण करायला पेनचं टोपण काढलं होतं, ते त्यांच्या हातातच राहिलं. सासूबाई तोवर पर्स दंडाला लावून रस्त्याच्या पलीकडे पोचल्याही होत्या.

"आई, मी बुकिंग केलंय!" लोरेत्ता मागून ओरडली.

"मग तू जेव. मी बाहेर उभी राहते."

माझा नवरा इवानो आईच्या मागे धावला, लोरेत्ता त्याच्या मागे, आणि मी सगळ्यांच्या मागे. सत्तावीस वर्षांच्या संसारात माझी जागा ही अशी ठरलेली आहे.

आम्ही इटलीच्या उत्तरेकडच्या फेर्राराचे. गुरुवारी विमानाने पालेर्मोला आलो होतो, आणि आज संध्याकाळच्या विमानाने परत जाणार होतो. सासूबाईंना, म्हणजे दिर्चेबाईंना, पालेर्मो बघायचं होतं. माझे सासरे ग्वाल्तिएरो यांनी लग्नात कबूल केलं होतं की पुढच्या वर्षी नेतो, आणि मग वारेपर्यंत दर वर्षी ते पुढच्याच वर्षी नेत राहिले. म्हणून आता ब्याऐंशीव्या वर्षी मुलांनी आईला आणलं. ऐकणाऱ्याला किती गोड वाटतं!

पण ती अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी अशी, की फेर्राराच्या बाहेर नदीकाठी एक वृद्धाश्रम आहे आणि तिथे सासूबाईंसाठी एक खोली धरून ठेवली होती. सोमवारी सकाळी तिथल्या व्यवस्थापक बाई कागद घेऊन घरी येणार होत्या. सही सासूबाईंचीच लागणार होती, दुसऱ्या कोणाची चालणार नव्हती. आणि सासूबाईंना यातलं कोणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत त्या न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, गॅस चालू ठेवून बाजारात गेल्या, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला वास आला म्हणून ते घर आज उभं आहे. 'आमच्याकडे राहायला या' असं मी म्हटलं नाही, कारण मला ते नको होतं. इवानोनेही म्हटलं नाही. लोरेत्ता एकटी राहते, दोन खोल्यांत, आणि तिचा स्वभाव तर तुम्ही आत्ता पाहिलातच.

मग सांगून का टाकलं नाही? तर सासरच्या घराची एक रीत आहे. मोठी गोष्ट असली की माणसाला बाहेर जेवायला न्यायचं आणि पास्त्याच्या थाळ्या उचलल्या की, मासा किंवा मटण यायच्या आधी, सांगायचं. उपाशी पोटी माणूस चिडतो आणि पोट भरलं की त्याला झोप येते, म्हणून मधली वेळ. माझ्याशी लग्न करतोय हे इवानोने असंच, रुमालाने तोंड पुसून, एका रेस्टॉरंटात सांगितलं होतं. फोनवर, गाडीत किंवा जिन्यात सांगितलेली गोष्ट त्या घरात कोणी सांगितलेली धरतच नाही. एकदा लोरेत्ताने नोकरी सोडल्याचं रस्त्यात सांगितलं, तर सासूबाई आठवडाभर तिला ऑफिसबद्दल विचारत राहिल्या.

तेव्हा पालेर्मोत, समुद्राच्या हवेत, झकास जेवण घालून आईला सांगायचं असा बेत होता. बेत इवानोचा. पोट खूष तर माणूस खूष, यापलीकडे त्याची अक्कल चालत नाही. आणि गुरुवारपासून बेत रोज फसत होता. गुरुवारी सासूबाईंचं डोकं दुखत होतं, त्यांनी नुसतं सूप घेतलं. शुक्रवारी म्हणाल्या, पास्ता नको, मासाच द्या. शनिवारी पुन्हा पास्ता नको. पास्ताच नाही, तर पास्त्यानंतरची वेळ येणार कुठून? इवानो रुमाल हातात घेऊन बसायचा आणि रुमाल तसाच खाली ठेवायचा.

म्हणजे आता ही शेवटची दुपार होती. अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद व्हायला लागतात आणि मग संध्याकाळपर्यंत कोणी दार उघडत नाही. त्याआधी सासूबाईंना बसवायचं होतं.

"ती ऐकणार नाही," लोरेत्ता माझ्या कानाशी फुसफुसली. "उद्या ती बाई दारात उभी राहणार आणि आई तिला विचारणार, तुम्ही वीज मंडळातून आलात का?"

"मग तू सांग की."

"मी? मोठा तो आहे."

जुन्या बंदराकडच्या गल्लीत एक मासळीचं रेस्टॉरंट होतं. बाहेर टेबलं, टेबलांवर कागद, आणि सगळी माणसं इथलीच. आज्या, बाळं, बाटल्या, आरडाओरडा. एकाही माणसाच्या गळ्यात कॅमेरा नाही. आमच्यासारख्यांना बाहेरगावी गेल्यावर अशी जागा सापडली की देव पावला असं वाटतं. मालक आतून ओरडला, "चार? या, या, कोपऱ्यात बसवतो!"

सासूबाई थांबल्या. एक बाई भाजलेल्या पास्त्याचं ताट घेऊन आमच्या अंगावरून गेली. वरचा थर करपून खरपूस झालेला, बाजूने रस्सा उकळतोय. सासूबाईंची मान त्या ताटाबरोबर वळत गेली. मी ते पाहिलं.

"कसं आहे हो?" त्यांनी कडेच्या टेबलावरच्या एका जाड्या माणसाला विचारलं.

"बाईसाहेब," तो तोंडातला घास न गिळताच म्हणाला, "माझी बायको समोर बसलीय म्हणून हळू सांगतो. माझ्या आईच्या हातचं याच्यापुढे काही नाही."

"आईच्या काय? माझ्या हातचं म्हण!" त्याची बायको म्हणाली आणि तिने त्याला पावाचा तुकडा फेकून मारला.

सासूबाई खळखळून हसल्या. गुरुवारपासून त्या पहिल्यांदा अशा हसल्या होत्या. इवानोने माझा हात दाबला. झालं, बसणार! त्याने खुर्चीही ओढली. आणि त्या खुर्चीकडे बघता बघता सासूबाईंचा चेहरा मिटला. दुसरा शब्द मला सुचत नाही.

"नको. फार गोंगाट आहे इथे."

"गोंगाट!" लोरेत्ताचा आवाज चढला. "काल म्हणालीस, फार शांत आहे, मेल्यासारखं वाटतं!"

"काल काल होता."

मालकाने हातातली मेनूकार्डं काखेत मारली आणि पाठ फिरवली. त्याची चूक नव्हती.

पुढच्या चौकात एक गाडीवाला हरभऱ्याच्या पिठाच्या वड्या तळत होता. तीळ लावलेल्या पावात घालून, वर लिंबू पिळून देत होता. सासूबाई सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "एक द्या."

इवानोच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, जेवणाची वेळ आहे. आता हे खाल्लंस तर भूक मरेल!"

"हे मी तुला लहानपणी सांगायचे, तेव्हा तू ऐकायचास?"

"आई, प्लीज."

"लिंबू जास्त पिळा हो," त्या गाडीवाल्याला म्हणाल्या.

त्या उभ्या उभ्या खात होत्या. बोटं तेलकट, हनुवटीवर तीळ, आणि चेहऱ्यावर शाळा बुडवलेल्या मुलीचं समाधान. इकडे भावाबहिणीची जुंपली, पण आवाज न करता. असं भांडण दिसायला फार वाईट दिसतं. नुसते ओठ आणि हात हलतात.

"तिला खाऊ कसं दिलंस?"

"हिसकावून घेऊ?"

"मग इथेच सांग. आत्ता. गाडीसमोर."

"उभ्याने? तुला वेड लागलंय का, लोरेत्ता? उभ्याने सांगितलं तर ती उद्या म्हणेल, मला कोणी काही बोललंच नाही!"

"मग उद्या ती बाई आली की काय करशील? लपशील? तू लपशीलच. बाबांच्या वेळी—"

"बाबांच्या वेळी मीच सांगितलं. तू टॉयलेटमध्ये जाऊन रडत होतीस."

मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली. स्वतःच्याही. मला ते लवकर संपायला हवं होतं, एवढंच. सासूबाई काय म्हणतील, रडतील का, याचा मी विचारच करत नव्हते. उद्या दुपारपर्यंत सही झालेली असावी आणि मी माझ्या स्वयंपाकघरात एकटी असावी, बस्स.

"मी नेते त्यांना," मी म्हटलं.

गल्लीच्या आत एक अगदी छोटी जागा दिसली. पाच-सहा टेबलं असतील. एक म्हातारा मालक, आत त्याची बहीण की बायको. दारावर पाटीसुद्धा नाही. एक कुटुंब नुकतंच उठत होतं. मी सासूबाईंचा कोपर धरला. हलका नाही, घट्ट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण हात सोडवला नाही. मी त्यांना भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि बाहेरच्या बाजूने मी बसले. आता उठायचं तर मला ओलांडून उठावं लागणार होतं.

इवानो यावेळी शहाण्यासारखा वागला. मालकाने तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "चार थाळ्या तारलीचा पास्ता. मग जो मासा असेल तो."

"मला पास्ता—" सासूबाईंनी सुरुवात केली.

"चार," इवानो म्हणाला.

पाव आला. ऑलिव्ह आले. लोरेत्ता पाण्याचा ग्लास इकडून तिकडे सरकवत होती. मग थाळ्या आल्या. तारली, रानबडीशेपेचा पाला, बेदाणे, चिलगोजे, वर भाजलेल्या पावाचा चुरा. मी पहिला घास घेतला आणि क्षणभर, खरंच सांगते, कशासाठी आलो होतो ते विसरले.

सासूबाईंनी एक घास घेतला. चावला. डोळे मिटले. दुसरा घास घेतला, तोही डोळे मिटूनच. इवानोने पटापट चार घासांत थाळी रिकामी केली, काटा ठेवला आणि रुमाल उचलला. त्याने तोंड पुसलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"आई," तो म्हणाला.

सासूबाई उभ्या राहिल्या.

"हे फार चांगलं आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "हे फारच चांगलं आहे, इवानो." आणि पर्स उचलून, माझ्या गुडघ्यांना धक्का देत, त्या दाराबाहेर पडल्या.

मालक हात पुसत धावत आला. "काय झालं? मीठ जास्त पडलं का?" चांगलं आहे म्हणून उठून गेलेलं गिऱ्हाईक त्या बिचाऱ्याने आयुष्यात पाहिलं नसणार.

"तुम्ही त्याला पैसे द्या आणि इथेच थांबा," मी दोघांना म्हटलं. "फोन करते." मी बाहेर धावले.

त्या लांब गेल्या नव्हत्या. चर्चच्या पायरीवर बसल्या होत्या, रुमालाने हनुवटीवरचे तीळ पुसत. मी हमरीतुमरीवर यायच्या तयारीनेच गेले होते. समोर जाऊन उभी राहिले आणि तोंड उघडणार, तर त्याच म्हणाल्या, "कुठला आहे? नदीकाठचा की स्टेशनमागचा?"

मी फोन पर्समध्ये टाकला.

"नदीकाठचा असला तर बरं. स्टेशनमागच्यात माझ्या मैत्रिणीला, एर्मीनियाला, ठेवलं होतं. तिथे कोबीचा वास येतो."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं, मोरेना? इवानो मला विमानात खिडकीची जागा देतो. लोरेत्ता माझी बॅग उचलते. गुरुवारपासून कालपर्यंत माझ्यावर कोणीही ओरडलं नाही. माझा डॉक्टरही माझ्याशी इतकं गोड बोलला नव्हता, आणि त्याने तर ऑपरेशन सांगितलं होतं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"मग आई, बसून ऐका ना एकदाचं! सकाळपासून आम्हाला का पळवताय? कळलंय तर—"

"ऐकणार आहे गं. पण तिथे नाही." त्यांनी त्या गल्लीकडे हात केला. "तुला माहीत आहे, ग्वाल्तिएरोच्या दुखण्याचं मला कुठे सांगितलं? कोमाक्कियो गावात. निखाऱ्यावर भाजलेली वाम मासळी मागवली होती. लग्नानंतर पहिल्यांदा मी बाहेर जेवले ती तिथे. माझी सगळ्यात आवडती जागा म्हणून पोरांनी मला तिथे नेलं. त्या दिवसापासून मी वाम तोंडात घातलेली नाही. वास आला तरी मला तो इवानोचा चेहरा दिसतो. मग लोरेत्ताने नवऱ्याला सोडल्याचं सांगितलं, किल्ल्यासमोरच्या त्या हॉटेलात. तिथला लाल भोपळ्याचा पास्ता! तोही गेला. तुम्ही माणसं दर वेळी शोधून शोधून चांगली जागा काढता. मला बरं वाटावं म्हणून. आणि मग ती जागा माझ्या हातून जाते."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? मुलं प्रेमाने नेतात." त्यांनी रुमालाची घडी घातली. "आता बघ, आत्ताचे ते दोन घास. अगं, ग्वाल्तिएरो मला जे खायला घालणार होता ते हेच होतं. ते दोन घास मला राहू दे. त्यांच्यावर कोणी काही सांडू नका. तुझ्या हातून एवढं होईल?"

मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींचा मला राग आला. आम्ही चार दिवस शहरातली उत्तमोत्तम जागा हुडकत होतो आणि ही बाई एकेकीला आमच्यापासून वाचवत होती.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"एखादी टाकाऊ जागा शोध. इतकी टाकाऊ, की गेली तर गेली."

मग आम्ही दोघी निघालो, आणि मला सांगायला लाज वाटते, पण त्या दहा-पंधरा मिनिटांत सासूबाईंबरोबर जितकी मजा आली तितकी सत्तावीस वर्षांत आली नव्हती. एका पिझ्झावाल्याकडे आम्ही वाकून पाहिलं. "नको," सासूबाई म्हणाल्या, "पीठ चांगलं फुगलंय." दुसरीकडे टेबलावर प्लास्टिकची फुलं होती, त्या खूष झाल्या, पण आत एक म्हातारी बसून घेवडा सोलत होती. "घेवडा ताजा आहे. चल."

मोठ्या नाट्यगृहाजवळच्या हमरस्त्यावर शेवटी ते सापडलं. दाराबाहेर माणसाएवढा फलक आणि त्यावर पदार्थांचे फोटो, उन्हाने निळे पडलेले. एका झेंड्याखाली एक असे, मेनूच्या भाषांचे पाच-सहा झेंडे. लाल कोट घातलेला एक माणूस मेनू नाचवत रस्त्यावर उभा होता. त्याने आम्हाला जर्मनमध्ये हाक मारली.

"आम्ही फेर्राराच्या आहोत," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं स्वयंपाकघर बंद कधी होतं?"

"कधीच नाही, मॅडम! दिवसभर चालू!"

सासूबाईंनी माझ्याकडे समाधानाने पाहिलं. "हेच."

मी फोन केला. दोघं धापा टाकत आली आणि फलकापुढे येऊन थबकली. लोरेत्ताने आधी फलकाकडे, मग लाल कोटवाल्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "इथे? मोरेना, डोकं ठिकाणावर आहे का? फोटो आहेत!"

"आत जा," मी म्हटलं.

"माझ्या आईला शेवटच्या दिवशी फोटोवालं जेवण—"

"लोरेत्ता, आत जा. त्यांना सगळं माहीत आहे."

इवानोचा चेहरा असा पडला की मला त्याची दया आली. आत गेलो तर सासूबाई एकट्याच टेबलाशी बसल्या होत्या, पाठ ताठ, पर्स मांडीवर. त्यांनी सगळ्यांसाठी मागवूनही टाकलं होतं. पास्ता इतक्या झटक्यात आला की तो सकाळीच शिजवून ठेवलेला असणार. अंड्याच्या सॉसमध्ये साय घातली होती. साय! आमच्याकडे हे पाप समजतात. काटा घातला तर सगळी थाळी एका लगद्याने वर उचलली गेली.

सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि मान हलवली. "छान. अगदी हवं तसं वाईट आहे. बोल आता, इवानो."

आणि इवानो बोलला. रुमाल न उचलता, थाळीकडे बघत, न्हाणीघरात पडण्यापासून सुरुवात करून. ऑगस्टमधल्या गॅसपाशी आल्यावर त्याचा आवाज कापायला लागला. "त्या दिवसानंतर मला झोप नाही, आई. आमच्यापुढे दुसरा मार्गच राहिला नाही. फोन वाजला की वाटतं..." तो थांबला. लोरेत्ताने पुढचं सांगितलं. खोली पहिल्या मजल्यावर आहे, उद्या त्या बाई येतील, पण आईची मर्जी नसेल तर काहीही होणार नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. खिडकी कोणत्या बाजूला आहे, विचारलं. स्वयंपाक तिथेच करतात की बाहेरून येतो, विचारलं. रात्रीचं जेवण सहाला, हे ऐकून म्हणाल्या, "सहाला कोंबड्या जेवतात." पण रडल्या नाहीत. मग लोरेत्ता म्हणाली, "घरातली एक मोठी वस्तू नेऊ देतात, आई. कपाट, आरामखुर्ची, काहीही."

"टेबल," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या. "स्वयंपाकघरातलं माझं टेबल."

"ते केवढं मोठं आहे!"

"खिडकीखाली मावेल. पलंग त्यांचा, टेबल माझं." त्यांच्या गालांवर रंग आला होता. "तुम्हाला वाटत असेल, वाईट बातमी सांगायला ही बाई दर वेळी बाहेर जेवायला का जायला लावते. त्या टेबलाशी मी कोणाला कधी वाईट बोलू दिलं नाही. ग्वाल्तिएरोलाही नाही. भांडायचं तर अंगणात. त्याच्यावर मी पास्ता लाटला, तुमचे अभ्यास घेतले. तेवढी एक जागा मी स्वच्छ ठेवलीय. टेबल आलं तर मी सही करते. जा."

लोरेत्ता रडायलाच लागली. तिने आईचा हात गालाला लावला. इवानोने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. सुटलो! असं मला चक्क वाटलं.

"उगाच घाबरत होतो आपण," लोरेत्ता डोळे पुसत, हसत म्हणाली. "आणि नशीब बघ, आई, तिथे लोक दोन-दोन वर्षं वाट बघतात. आपला नंबर सहा महिन्यांत लागला."

सासूबाईंचा काटा थांबला.

"सहा महिने?" त्या म्हणाल्या. "गॅसचं तर ऑगस्टमध्ये झालं."

लाल कोटवाला बाहेर कोणाला तरी इंग्रजीत बोलावत होता.

"म्हणजे एप्रिलमध्ये, ईस्टरला ठरवलंत," सासूबाई म्हणाल्या. रागाने नाही. "ईस्टरला तुम्ही सगळे माझ्याकडे होता. कुठे बसून ठरवलंत?"

"आई, ते असं ठरवून नाही," इवानो म्हणाला. "नंतर. गाडीत. परत जाताना."

"लोरेत्ता तुमच्या गाडीत नव्हती." त्यांनी मान वळवली. "मोरेना, तू सांग. तू काही माझ्या पोटची नाहीस, माझ्याशी खोटं बोलायची तुला गरज नाही."

इवानो टेबलाखालून माझा पाय दाबत होता. मला खोटं बोलता आलं असतं. 'अंगणात' एवढा एकच शब्द पुरला असता, आणि ते टेबल नदीकाठच्या खिडकीखाली गेलं असतं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि खरं ऐकण्याचा हक्क त्यांनी त्या घाणेरड्या जागेत बसून मिळवला होता. अजूनही मला कळत नाही मी बरोबर केलं की नाही.

"स्वयंपाकघरात," मी म्हटलं. "टेबलाशी. तुम्ही खालच्या म्हातारीला कोकराचा वाटा द्यायला गेला होता तेव्हा."

"पास्त्यानंतर?"

"हो."

त्यांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिल्या.

"सही करीन," त्या म्हणाल्या. "बोलले ते बोलले. टेबल नको. लोरेत्ता, ते तू विकून टाक, आणि कोणाला विकलंस ते मला सांगू नकोस."

मग त्यांनी थाळी जवळ ओढली आणि तो लगदा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत बसलो होतो.